रॅम १६ ची टाकली आणि दाखवतोय ८: बोर्ड बदलायच्या आधी काय काय बघायचं

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी कळव्याहून मामेबहिणीचा फोन आला. "दादा, नवीन रॅम टाकली तरी कॉम्प्युटर आठच जीबी दाखवतोय, दुकानवाले म्हणतायत मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्यावा लागेल." ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला, सबमिशन तोंडावर आलेलं, मोठं मॉडेल उघडलं की मशीन गुदमरायचं म्हणून साठवलेल्या पैशातून तिने आठ जीबीची दुसरी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, घेतली होती, आणि आता त्यावर बोर्डाचे सात-आठ हजार. मी म्हटलं थांब, काहीही विकत घेऊ नकोस, मी येतो. ऐरोलीहून ठाण्याची गाडी, तिथून पुढचंच स्टेशन कळवा, तासाभरात पोचलो. त्या दिवशी दुपारी साडेतीन तास आम्ही दोघं फरशीवर कॅबिनेट आडवं टाकून बसलो होतो, आणि बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं.

हे सगळं नीट लिहून काढायचं कारण म्हणजे रॅमचा प्रॉब्लेम आला की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात, एक तर "फॉरमॅट मारून बघू" किंवा "रॅम उडालीय, नवीन टाका". मधलं कोणी बघतच नाही. आणि मध्ये बरंच काही असतं. स्टिक, स्लॉट, प्रोसेसर, बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सेटिंग, विंडोज, एवढ्या जागांपैकी कुठेही गडबड असू शकते आणि लक्षण मात्र एकच दिसतं. त्यामुळे माझं एकच सांगणं असतं, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं, काय झालं ते कागदावर लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि महिन्याभराने तेच परत होतं.

आधी रॅम चालते कशी ते दोन मिनिटांत समजून घेऊ, पुढचं सगळं त्यावर बसतं. रॅमच्या चिपमध्ये प्रत्येक बिटसाठी एक बारीकसा कपॅसिटर असतो, त्यात चार्ज असला तर एक, नसला तर शून्य. पण हा कपॅसिटर नव्या माठासारखा पाझरतो, भरून ठेवला तरी थोड्या वेळात रिकामा व्हायला लागतो. म्हणून त्यातली प्रत्येक ओळ साधारण दर ६४ मिलिसेकंदाला वाचून परत भरावी लागते, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. १६ जीबीमध्ये असे १३,७०० कोटींच्या वर माठ असतात. चिप तापली की पाझर वाढतो, म्हणून ८५ डिग्रीच्या वर गेल्यावर भरण्याचा वेग दुप्पट करावा लागतो. एवढ्या सगळ्यात एखादाच माठ जास्त गळका निघाला तरी मशीन चालू राहतं, फक्त कधीतरी नेमकं त्याच जागी काही महत्त्वाचं ठेवलेलं असतं आणि मग निळी स्क्रीन येते. "रोज होत नाही हो, कधी कधीच होतं" असं लोक सांगतात ना, त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट, रॅमशी बोलणारा भाग आता बोर्डावर नसतो, प्रोसेसरच्या आतच असतो. एएमडीने २००३ पासून आणि इंटेलने २००८ पासून तो आत घेतला. म्हणजे रॅम दिसत नसेल तर दोष प्रोसेसरकडे, किंवा प्रोसेसर बसतो त्या सॉकेटकडेही असू शकतो. हे बऱ्याच रिपेअर करणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही, कारण प्रोसेसर खराब असला तर मशीन चालूच होणार नाही अशी समजूत असते.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. प्रत्येक स्टिकवर रॅमच्या मोठ्या काळ्या चिप्सशिवाय एक एवढीशी चिप असते, त्यात त्या स्टिकची कुंडली असते, किती जीबी, कुठला स्पीड, किती व्होल्टेज. बोर्ड चालू होताना आधी ती कुंडली वाचतो, आणि ती वाचायच्या वायरी वेगळ्या, प्रत्यक्ष डेटा ये-जा करतो त्या वेगळ्या. म्हणून असं होऊ शकतं की कुंडली वाचली गेली, बोर्डाला कळलं की इथे आठची स्टिक आहे, पण डेटाच्या रस्त्यावर कुठेतरी तुटलंय म्हणून ती वापरता येत नाही. बहिणीच्या मशीनवर नेमकं हेच होतं. विंडोजमध्ये लिहून येत होतं इन्स्टॉल्ड १६ जीबी, त्यातली वापरण्याजोगी ७.९. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी उघडलं की खाली "हार्डवेअर रिझर्व्ह्ड" म्हणून ८ जीबीच्या वर आकडा. दुकानात कोणीतरी फक्त ७.९ वाचलं आणि १६ कडे लक्षच दिलं नाही. तुमच्याकडे असं दिसलं तर एवढं तरी नक्की समजा की स्टिक स्लॉटमध्ये पोचलीय आणि अगदीच मेलेली नाही.

आता कॅबिनेट उघडायच्या आधी विंडोजमधल्या एक-दोन गोष्टी बघून घ्या, फुकट आहेत. रनमध्ये जाऊन एमएसकॉन्फिग टाइप करा, बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे मॅक्झिमम मेमरीवर टिक असेल तर काढा. "स्पीड वाढवा" छापाचे व्हिडिओ बघून लोक ती टिक करून बसतात, आणि तिने स्पीड वाढत नाही, उलट विंडोजला रॅमची मर्यादा घातली जाते. जुन्या मशीनवर ३२ बिटचं विंडोज असेल तर ते ४ जीबीच्या पुढे बघतच नाही आणि त्यातही सव्वातीन-साडेतीनच्या आसपास वापरायला मिळते, तिथे तुम्ही आठ टाका नाहीतर सोळा टाका. आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच अर्धा, एक, कधी दोन जीबी उचलतं, तो हिशोबाचा भाग आहे, बिघाड नाही. बायोसमध्येच रॅम कमी दिसत असेल तर मात्र विंडोजचा काही संबंध नाही, फॉरमॅट मारून एक पैचा फायदा होणार नाही.

उघडताना एसएमपीएसची (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेला करंट निघून जातो, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच स्टिकला. काही काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्टिक धरायची ती दोन्ही टोकांच्या कडांना, सोनेरी पट्टीला बोट लावायचं नाही.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण अगदी साधं असतं, स्टिक पूर्ण बसलेलीच नसते. हल्ली बऱ्याच बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते, वरच्या, कारण खालच्या बाजूला ग्राफिक्स कार्ड आडवं येतं. वरची क्लिप टक करून लागली की आपल्याला वाटतं बसली, पण खालचं टोक दीड-दोन मिलिमीटर वर राहिलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून स्लॉटच्या कडेने बघा, सोनेरी पट्टीची जी बारीक रेघ दिसते ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी हवी. तिरकी दिसली तर काढा, परत खाच जुळवा आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकं दाबा, आधी खालचं मग वरचं. जोर बराच लागतो, पहिल्यांदा करणाऱ्याला भीती वाटते, म्हणूनच कॅबिनेट आडवं ठेवायचं, उभ्यात बोर्ड मागे वाकतो. मात्र खाचच जुळत नसेल तर दाबू नका, ती रॅमची पिढीच वेगळी आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघांनाही २८८ पिना आहेत, लांबीही सारखीच, पण खाचेची जागा वेगळी. जोर लावून काही होत नाही, स्लॉट मात्र फुटतो.

खोडरबराचं विचारतातच सगळे. रॅम काढून रबराने घासली आणि मशीन चालू झालं हे आपल्याकडे घरोघरी घडलेलं आहे आणि ते खोटं नाही. ऐरोली, कळवा, कोपरखैरणे, सगळी वस्ती खाडीच्या काठाने, चार महिने हवेत ओल, खिडकीजवळ ठेवलेल्या मशीनवर धूळ आणि दमट हवा मिळून चिकट थर बसतो, तो घासला की संपर्क परत येतो. कधी कधी तर नुसती काढून परत लावल्यानेच काम झालेलं असतं आणि श्रेय रबराला जातं. पण सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, शाई खोडायच्या खरखरीत रबराने तो निघतो. माझ्या मते आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली घरात ठेवावी, सुती धागे न सुटणाऱ्या कापडावर दोन थेंब घेऊन पुसायचं आणि वाळू द्यायचं. अल्कोहोल नसेल आणि घाई असेल तर मऊ पांढरं रबर, हलक्या हाताने, कण पूर्ण झटकून. स्लॉटमध्ये कोरडा मऊ ब्रश फिरवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब आत जातात.

आता खरी तपासणी. बहिणीच्या बोर्डावर चार स्लॉट, प्रोसेसरकडून मोजलं तर ए१, ए२, बी१, बी२. ए म्हणजे एक रस्ता, बी म्हणजे दुसरा. दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा, म्हणजे ए२ आणि बी२, आणि एकच असेल तर ए२. बरेच जण पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी शेजारी लावतात, त्यात दोन्ही स्टिक एकाच रस्त्यावर येतात, स्पीड कमी मिळतो आणि काही बोर्डांवर मशीन नीट चालूही होत नाही. तिची लावलेली बरोबर होती. मग तिच्या ड्रॉइंग शीटच्या मागे मी चौकोन आखले आणि एकेक सुरू केलं. जुनी स्टिक एकटी ए२ मध्ये, चालू, ८ दिसली. नवी स्टिक एकटी ए२ मध्ये, चालू, ८ दिसली. इथेच दोन्ही स्टिक चांगल्या आहेत हे नक्की झालं, म्हणजे नवी रॅम खराब हा मुद्दा संपला. मग जुनी एकटी बी२ मध्ये, डिस्प्लेच नाही. बोर्डाच्या कडेला डीरॅम लिहिलेला छोटा दिवा पेटून राहिला. नवी एकटी बी२ मध्ये, तेच. जुनी बी१ मध्ये, तेच. नवी बी१ मध्ये, तेच. ए१ मध्ये मात्र दोन्ही चालल्या.

हे चौकोन भरल्यावर चित्र स्पष्ट झालं. एक स्लॉट खराब असता तर बी१ आणि बी२ पैकी एक तरी चालला असता. दोन्ही बंद म्हणजे अख्खा बी रस्ता बंद, आणि दोन्ही स्लॉट एकदम मरण्यापेक्षा ते दोघं ज्या ठिकाणी एकत्र येतात तिथे गडबड असण्याची शक्यता जास्त, म्हणजे प्रोसेसरच्या पिना. मी तिला विचारलं, मधल्या काळात प्रोसेसरला कोणी हात लावला होता का? ती म्हणाली, "मे महिन्यात खूप गरम होत होता म्हणून पेस्ट बदलून आणली होती ना." आणि नवी रॅम घेतली जूनमध्ये. मधला महिना एकच स्टिक ए२ मध्ये होती, त्यामुळे बी रस्ता बंद पडलाय हे कळायला काही मार्गच नव्हता.

तिचा प्रोसेसर एएमडीचा एएम४ सॉकेटवाला, त्याच्या पिना प्रोसेसरलाच असतात. यात एक मोठा धोका असतो, प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती वाळली की कूलर सरळ ओढल्यावर लॉक असतानाच प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करायचं, मग बंद करून वायर काढायची, कूलर हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवायचा, तो सैल झाला की मग उचलायचा. आम्ही तसंच केलं. प्रोसेसर बाहेर काढून उजेडात आडवा धरला. पिनांच्या रांगा सरळ शेतातल्या रोपांसारख्या दिसतात, कुठल्याही कोनातून बघा, रेघ तुटत नाही. एका कोपऱ्याकडे मात्र एक रेघ तुटत होती. एकच पिन, जवळजवळ आडवी झोपलेली.

तिच्याकडे पेन पेन्सिली पाच-सहा होत्याच, आर्किटेक्चरवाली. त्यातली ०.७ ची घेतली, शिसं पूर्ण काढून टाकलं, शिसाची पूड वीज वाहून नेते म्हणून तो कण आत राहता कामा नये, आणि पेन्सिलचं पोकळ टोक पिनेवर चढवून केसाकेसाने उभी केली. एकदम ताठ करायला गेलं की मुळाशी तुटते. शेवटी एटीएम कार्डाची कड रांगांमधून फिरवून सरळ झालीय का बघितलं. प्रोसेसर वजन न देता आपोआप सॉकेटमध्ये बसला, नवी पेस्ट लावली, दोन्ही स्टिक ए२-बी२ मध्ये, आणि बायोसमध्ये १६३८४ एमबी. बहिणीने मामीला हाक मारून दाखवलं.

हे सगळ्यांनी घरी करावं असं मी म्हणणार नाही. हात थरथरत असेल तर मोबाइल रिपेअर करणाऱ्याकडे न्या, त्यांच्याकडे मायक्रोस्कोप असतो. आणि इंटेलचा, किंवा एएम५ चा असेल तर पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, वाकवलेल्या स्प्रिंगसारख्या, त्या फार नाजूक, तिथे पेन्सिल अजिबात चालवू नका. पण तिथेही एक गोष्ट घरी बघता येते, कूलरचे स्क्रू. एक कोपरा कचकचून आवळलेला आणि दुसरा ढिला असेल तर दाब एकीकडे जातो आणि काही पिनांचा संपर्क सुटतो, आणि एक रॅम गायब होते. चारही स्क्रू थोडे ढिले करा, मग तिरपे तिरपे, थोडे थोडे आवळत या.

मशीन अजिबातच डिस्प्ले देत नसेल तर एका स्टिकवर या, ए२ मध्ये, आणि बायोस रिसेट करा. बोर्डावर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२, वायर काढलेली असताना तो पाच मिनिटं काढून ठेवायचा आणि परत लावायचा. सात-आठ वर्षं जुन्या मशीनमध्ये सेल नवाच टाका, किराणा दुकानातही मिळतो. बीपच्या आवाजांचे अर्थ प्रत्येक बायोसमध्ये वेगळे असतात, पण न थांबता वाजत राहणारा बीप बहुतेक वेळा रॅमचाच.

आता दुसरा अर्धा भाग, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. रॅम दिसते पूर्ण, पण मशीन मध्येच निळी स्क्रीन देतं, ब्राउझरचे टॅब आपोआप बंद पडतात, झिप फाइल उघडताना करप्ट म्हणतं, गेम डेस्कटॉपवर फेकतो. बहिणीचा आठवड्याने परत फोन आला, रेंडर (मॉडेलवरून पक्कं चित्र तयार करणं) लावलं की अर्ध्यात मशीन रीस्टार्ट होतंय, एकदा निळ्या स्क्रीनवर मेमरी मॅनेजमेंट लिहून आलं, एकदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल. दर वेळी वेगळी एरर येणं हीच मोठी खूण आहे. ड्रायव्हर खराब असेल तर बहुधा तीच तीच एरर येते, रॅम चुकत असेल तर त्या क्षणी त्या जागी जे ठेवलेलं असेल ते मोडतं.

मी तिला सगळ्यात आधी एकच सांगितलं, काम थांबव आणि सबमिशनच्या फाइल पेन ड्राइव्हवर घे, तीही जुनी चांगली कॉपी, आजची सेव्ह केलेली नाही. चुकणाऱ्या रॅमचं हे सगळ्यात वाईट असतं. हार्ड डिस्क खराब झाली तर ती कुरकुरते, एरर देते. रॅममध्ये एक बिट उलटला आणि तुम्ही सेव्ह केलं, तर चुकलेलीच फाइल व्यवस्थित सेव्ह होते, कुठलीही वॉर्निंग येत नाही. लग्नाचे फोटो एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कॉपी करतानाही ते रॅममधूनच जातात. म्हणून "कधीतरी होतं, चालतंय तोवर चालू दे" असं प्लीज करू नका. आणि अशा अवस्थेत बायोस अपडेटला हात लावू नका, विंडोज परत टाकू नका, दोन्हीमध्ये चुकलेला डेटा कायमचा लिहिला जाऊ शकतो.

टेस्टचं सांगतो. विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे, स्टार्टमध्ये शोधा, रीस्टार्ट होऊन चालतं. त्याने एरर दाखवली तर प्रश्नच मिटला, पण काही नाही म्हणालं तर त्यावर विसंबू नका, ते वरवर बघतं. नीट बघायचं असेल तर मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस, दोन्ही फुकट मिळतात, पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करायचं. निदान चार फेऱ्या होऊ द्या, रात्री लावून झोपा. आणि इथे "दोनच एरर आल्या, चालेल" असं काही नसतं. शून्य म्हणजे शून्य. एक जरी लाल ओळ आली तरी काहीतरी चुकतंय.

बहिणीच्या मशीनवर विसाव्या मिनिटालाच लाल ओळी. आता इथे सरळ नवी स्टिक दुकानात परत द्यायला जाणं सोपं होतं, पण परत कागद काढला. जुनी एकटी, एरर शून्य. नवी एकटी, तीही शून्य. दोन्ही एकत्र, एरर. म्हणजे स्टिक खराब नाहीत, त्यांचं एकमेकींशी जमत नाही. स्टिकर वाचले तर कारण लिहिलेलंच होतं. दोन्हींवर स्पीड ३२००, पण जुनी गेमिंगवाली, १.३५ व्होल्टवर सीएल१६ ने चालणारी, नवी साधी, १.२ व्होल्टची, सीएल२२. सीएल म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती ठोके घेते तो आकडा, कमी तेवढी चपळ. बायोसमध्ये एक्सएमपी चालू होतं. एक्सएमपी म्हणजे स्टिकच्या कुंडलीत कंपनीने लिहून ठेवलेली जास्त वेगाची सेटिंग, एका क्लिकवर लागते. ती लावल्यावर बोर्डाने जुनीची चाल दोघींना लावली आणि नवीला ती झेपली नाही. धावणाऱ्या माणसाच्या हाताला धरून दुसऱ्याला पळवल्यासारखं, तो थोडा वेळ पळतो, मग कुठेतरी अडखळतो.

एक्सएमपी बंद केलं, दोघी २६६६ वर आल्या, रात्रभर मेमटेस्ट, सकाळी चार फेऱ्या पूर्ण आणि एरर शून्य. स्पीड कमी झाला म्हणून ती जरा हिरमुसली, पण तिच्या कामात ३२०० वरून २६६६ ला आल्याने जेवढं जातं त्यापेक्षा आठाची सोळा झाल्याने कितीतरी जास्त मिळतं, आणि अर्ध्यात न मरणारं रेंडर हेच सगळ्यात वेगवान रेंडर. म्हणून रॅम वाढवायची असेल तर मी दोन स्टिकचा जोडच घ्या असं सांगतो, एकाच पाकिटातला, जुनी विकून टाका. जोड शक्यच नसेल तर निदान स्पीड, सीएल आणि व्होल्टेज, तिन्ही आकडे जुनीच्या स्टिकरवरून उतरवून घेऊन दुकानात जा, मग ते ठाणे स्टेशनजवळचं दुकान असो नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. नुसतं "डीडीआर४ आठ जीबी द्या" म्हणू नका.

एकेकट्या स्टिकलाही एक्सएमपी बंद असताना एरर येत असेल, तर मात्र ती स्टिक गेली. दोन्ही स्टिकना एकदम एरर येत असतील तर दोन्ही एकदम खराब होणं अवघड, तेव्हा संशय प्रोसेसर, बोर्ड आणि एसएमपीएसवर घ्या. स्वस्तातला एसएमपीएस लोड आल्यावर व्होल्टेज हलवतो आणि दोष रॅमवर येतो, ओळखीतला एखादा चांगला एसएमपीएस एका दिवसासाठी लावून बघता आला तर बघा.

डीडीआर५ वाल्यांसाठी वेगळं थोडं. पहिल्यांदा चालू करताना, किंवा सेल काढल्यावर, बोर्ड रॅमशी जुळवून घ्यायला कित्येक मिनिटं घेतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ स्क्रीन काळी, पंखे चालू. लोक घाबरून बटण दाबतात आणि ते परत पहिल्यापासून सुरू होतं. चहा ठेवा, पिऊन या, मग ठरवा. आणि डीडीआर५ मध्ये चार स्लॉट भरायचा मोह टाळा. उदाहरणार्थ रायझन ७००० मध्ये दोन स्टिकला कंपनीचा अधिकृत स्पीड ५२०० आहे, चार लावल्या की ३६००. ३२ हवी असेल तर १६ च्या दोन, ८ च्या चार नकोत. एएमडीच्या बोर्डावर एक्सएमपीच्या जागी एक्स्पो असं लिहिलेलं दिसेल, गोष्ट तीच.

आणि ऑफिसातून निघालेली जुनी डीडीआर३ ची मशीन घेणाऱ्यांनो, ऑनलाइन फार स्वस्त ८ जीबीची स्टिक दिसली आणि खाली बारीक अक्षरात फक्त एएमडीसाठी असं लिहिलेलं असेल तर इंटेलच्या बोर्डावर ती चालणार नाही, डिस्प्लेच येणार नाही. स्टिक खराब नसते, तिच्यातल्या चिप्सची मांडणी इंटेलला वाचता येत नाही. बोर्ड जास्तीत जास्त किती घेतो तेही आधी बघा, इंटेलच्या जुन्या एच६१ प्रकारच्या बोर्डाला दोन स्लॉट मिळून १६, बस.

स्टिक खरंच खराब निघाली तर लगेच नवी घेऊ नका. ब्रँडेड रॅमवर बऱ्याचदा दहा वर्षं किंवा लाइफटाइम वॉरंटी असते, घरात पडलेलं बिल शोधा, स्टिकवरचा स्टिकर फाडू नका, आणि जोड असेल तर बऱ्याच कंपन्यांकडे दोन्ही पाठवाव्या लागतात. मेमटेस्टच्या लाल ओळींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, काउंटरवर "आमच्याकडे चालतेय" असं ऐकून घ्यावं लागत नाही.

बहिणीच्या कॅबिनेटच्या आत, झाकणाच्या मागच्या बाजूला, मी एक कागद चिकटवून आलोय. ए२ बी२, एक्सएमपी बंद, २६६६, पिन सरळ केली, कूलर ओढू नका आधी फिरवा, खाली तारीख. पुढच्या वेळी ते कोणीही उघडलं तरी पहिल्यांदा तोच दिसेल.